मुलाचं नाव 'सत्यकाम' ठेवावं का? अर्थ, उगम, अनुभव, काहीही सांगा

पाऊसपाणी:
नमस्कार मंडळी. मुलगा झालाय, आज सोळा दिवसांचा आहे, बारसं पुढच्या महिन्यात करायचं ठरलंय आणि नावावर गाडी अडलीये. मला सत्यकाम ठेवायचंय. लहानपणी आजोबा ही गोष्ट सांगायचे, गुरूकडे जाऊन खरं बोलणाऱ्या मुलाची, आणि तेव्हापासून हे नाव डोक्यात आहे. नवऱ्याला आवडलंय. सासूबाईंना दोन गोष्टी खटकतायत, एक म्हणजे नावात 'काम' येतं, लोक भलता अर्थ काढतील, आणि दुसरं म्हणजे त्या गोष्टीतल्या आईला मुलाच्या बापाचं गोत्र माहीत नव्हतं, असं नाव कशाला. त्या वाईट मनाने बोलत नाहीत, त्यांना खरंच काळजी वाटतेय की पुढे मुलाला कोणी काही बोलेल. नणंदेचं म्हणणं नाव फार जुनाट वाटतं. नेटवर बघितलं तर एका साईटवर अर्थ 'सत्यवादी', दुसरीकडे 'इच्छा पूर्ण होणारा', एकीकडे तर लोकप्रियता टक्क्यांत दिलीये. नक्की अर्थ काय, किती लोक ठेवतात आणि हाक कशी मारायची? शिवाय कागदपत्रांची घाई आहे का तेही सांगा, दवाखान्यातून नोंद नावाशिवायच गेलीये.

जुनीपोथी:
अभिनंदन ताई! दोन्ही अर्थ बरोबर आहेत, साईट्सनी एकेकच उचललाय. 'सत्य आहे काम ज्याचा तो', बहुव्रीही समास. काम म्हणजे इथे इच्छा, ओढ. ज्याला सत्याची ओढ आहे तो सत्यकाम. आणि छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात आत्म्याचं वर्णन करताना 'सत्यकामः सत्यसंकल्पः' असे शब्द येतात, तिथे अर्थ होतो ज्याच्या इच्छा खऱ्या ठरतात, वाया जात नाहीत असा. सासूबाईंना हा दुसरा अर्थ सांगून बघा, नातवाच्या नावाला यापेक्षा मोठा आशीर्वाद कुठला. आणि 'काम' शब्दाचं म्हणाल तर निष्काम, पूर्णकाम हे शब्द आपण कीर्तनात ऐकतोच की, तिथे कोणी कान टवकारत नाही.

गोष्ट त्याच उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात आहे. मुलगा आईला विचारतो मला गुरुकुलात जायचंय, माझं गोत्र काय. आई, जबाला, म्हणते मला माहीत नाही, तरुणपणी पुष्कळ ठिकाणी परिचारिणी म्हणून राबत असताना तू झालास, माझं नाव जबाला, तुझं सत्यकाम, तर तू स्वतःला सत्यकाम जाबाल सांग. तो हारिद्रुमत गौतमांकडे जातो आणि हे सगळं जसंच्या तसं सांगतो. गौतम म्हणतात, समिधा आण बाळा, तुझं उपनयन करतो, 'न सत्यादगाः', तू सत्यापासून ढळला नाहीस.

चिंचपान:
सासूबाईंच्या दुसऱ्या मुद्द्यावर लिहिते. शंकराचार्यांच्या भाष्यात याचा अर्थ असा लावलाय की जबाला नवऱ्याच्या घरी पाहुण्यांच्या सेवेत इतकी गुंतलेली असायची की गोत्र विचारायचं राहून गेलं, आणि मग नवरा गेला. पुष्कळ आधुनिक अभ्यासक वेगळा अर्थ घेतात, की ती दासी होती आणि बाप कोण हे तिला सांगता येत नव्हतं. मला स्वतःला दुसरा अर्थ मूळ शब्दांच्या जास्त जवळचा वाटतो. पण कुठलाही घ्या, आईने मुलाला खोटं गोत्र चिकटवून दिलं नाही. देता आलं असतं, कोण तपासायला येणार होतं? मुलगा गुरूसमोर जे खरं बोलला ते आधी आई घरात त्याच्याशी बोलली होती. ही गोष्ट जितकी मुलाची तितकीच आईची आहे असं मला वाटतं, म्हणून मला हे नाव फार आवडतं.

धुकंधुकं:
मी एकटीने मुलगा वाढवतेय, नऊ वर्षांचा आहे, माझंच नाव लावतो. हे नाव मला तेव्हा सुचलं असतं तर मी डोळे झाकून ठेवलं असतं. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या रकान्याशी थांबलं की पोटात काय होतं ते मला माहितीये, आणि तीन हजार वर्षांच्या आसपासच्या एका गोष्टीत तोच रकाना एका बाईने असा भरला हे वाचून आत्ता रडू आलं. ठेवा हो नाव. कोणी मुलाला काही बोललंच तर त्याला उत्तर देता येईल अशी गोष्ट त्याच्याजवळ असेल.

बांधावरचा:
कागदांचं सांगतो, त्या कामात असतो. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, ती नावाशिवाय झाली तरी चालते. नाव पहिल्या 12 महिन्यांत विनाशुल्क घालता येतं, नंतरही 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. तेव्हा घाई करू नका, सावकाश ठरवा, कारण एकदा घातलेलं बदलायला फार हेलपाटे पडतात. आणि चिंचपान ताईंनी आईचा विषय काढला म्हणून, महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळेच्या आणि इतर सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम ठरलाय. म्हणजे तुमच्या सत्यकामच्या लगेच पुढे तुमचंच नाव येणार, जाबालसारखं.

पाऊसपाणी:
बांधावरचा दादा, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं!! आत्ता वहीवर लिहून बघितलं, त्याचं नाव आणि पुढे माझं. किती वेळ बघत बसले.

जुनीपोथी:
आपल्या मातीत हे नवीन नाहीच. सातवाहन राजे गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी असं आईचं नाव पुढे लावूनच शिलालेखांत येतात, नाशिकच्या पांडवलेण्यांत सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आजही भिंतीवर आहे.

लोकप्रियतेचं राहिलं होतं. अमेरिकेत सोशल सिक्युरिटीवाले दरवर्षी बाळांच्या नावांचे आकडे जाहीर करतात, आपल्याकडे तशी सरकारी यादी निघत नाही, त्यामुळे त्या टक्क्यांवर विसंबू नका. माझ्या बघण्यात मराठी घरांत हे नाव क्वचितच आहे, बंगाली आणि ओडिया लोकांत जास्त भेटलं. रवींद्रनाथांनी या कथेवर कविता लिहिलीये, त्यामुळे बंगालीत ही गोष्ट घरोघरी माहीत असते.

सत्या_४४:
माझं नाव सत्यकाम, वय ४४, म्हणून खास लिहितोय. शाळेत 'काम' वरून चिडवलं का, तर हो, चौथी पाचवीत, पण मराठी मुलांना काम म्हटलं की कामधंदाच आठवतो, त्यामुळे 'सत्या काम कर' यापलीकडे गेलं नाही आणि सहावीत बंद झालं. खरा त्रास वेगळा आहे, लोक सत्यकांत ऐकतात. दहावीच्या मार्कशीटवर सत्यकांत छापून आलं होतं, दुरुस्तीला माझ्या वडिलांचे सात महिने गेले. म्हणून फॉर्म भरताना शेवटचं अक्षर म आहे हे तोंडाने सांगा आणि छापलेलं तिथल्या तिथे वाचून घ्या. इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी ए लावू नका, सत्यकामा वाचतात, आणि जे स्पेलिंग जन्मदाखल्यावर तेच पासपोर्टपर्यंत ठेवा. घरी मला सत्या म्हणतात, आई पूर्ण नावाने हाक मारते. ओझं वाटतं का कोणी विचारलं नाही पण सांगतो, पंचविशीत वाटायचं, ऑफिसात एखादी गोष्ट लपवताना स्वतःचंच नाव टोचायचं. आता वाटत नाही. नाव बदलावं असं एकदाही मनात आलं नाही.

ओवी_ओवी:
नाव छानच आहे पण नणंदबाईंसाठी दोन पर्याय देते, उगाच वाद नको. उद्दालक, म्हणजे आरुणी, गुरूच्या शेताचा बांध फुटला तेव्हा स्वतः आडवा झोपलेला, तिथून बांध फोडून उठला म्हणून उद्दालक. आणि सत्यव्रत, जे कानाला ओळखीचं आहे. पत्रिकेवरून अक्षर बघता का तुम्ही? स हे कुंभ राशीत येतं, शतभिषाच्या दुसऱ्या चरणाला 'सा'.

पाऊसपाणी:
ओवी ताई, अक्षर 'व' आलंय, पण ते नाव पाळण्यापुरतं वेगळं ठेवू असं सासूबाई स्वतःच म्हणाल्या. उद्दालक सुंदर आहे, धाकट्या दिरांना सुचवून ठेवते, त्यांच्याकडेही गोड बातमी आहे.

काल रात्री बाळ झोपत नव्हतं तेव्हा सासूबाईंना हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला, सत्या_४४ दादांचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला. धुकंधुकं ताईंचा वाचल्यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. अजून हो म्हटलेलं नाहीये पण सकाळी बाळाला तेल लावताना सत्यकाम म्हणून हाक मारत होत्या, मी दारातून ऐकलं. आणि मग मला एकच विचारलं, त्या जबालाचं पुढे काय झालं गं? मला सांगता आलं नाही. कोणाला माहितीये का?

जुनीपोथी:
उपनिषदात ती त्या एका प्रसंगापुरतीच येते, मुलगा निघून गेल्यावर तिच्याबद्दल एक ओळ नाही. मुलाचं पुढे येतं. गुरू त्याला चारशे अशक्त गायी देतात, तो म्हणतो हजार झाल्याशिवाय परतणार नाही, आणि रानात त्याला बैल, अग्नी, हंस आणि मद्गू नावाचा पाणपक्षी शिकवतात. नंतर तो स्वतः आचार्य होतो. आणि बृहदारण्यक उपनिषदात जनक राजा याज्ञवल्क्य ऋषींना आपण कोणाकोणाकडून काय ऐकलं ते सांगतो, तिथेही त्याचं नाव पूर्ण घेतो, सत्यकाम जाबाल. सासूबाईंना एवढं सांगा, राजाच्या तोंडी आईचं नाव आलं.