गोगलगायी: मारायच्या की सांभाळायच्या? अनुभव सांगा

ओलीमाती
काल रात्री अनवाणी अंगणात गेले आणि पायाखाली ते गार, बुळबुळीत! किंचाळलेच. आणि एकदम आमची जुनी कुत्री आठवली. बिनशंखाच्या गोगलगायी झेंडूची रोपं रात्रीत फस्त करायच्या, म्हणून मी निळ्या गोळ्या टाकल्या होत्या. मेटाल्डिहाइड नावाच्या विषाच्या. त्यात धान्याचा कोंडाही असतो, हे तेव्हा कुठे माहीत? तिने खाल्ल्या. आधी थरथर, मग झटके. अख्खी रात्र डॉक्टरकडे. वाचली, पण पुडा त्याच दिवशी घराबाहेर. ब्रिटनमध्ये तर २०२२ पासून बागेत वापरायला बंदीच आहे. दुसऱ्या कुणाला इजा न होता तुम्ही काय करता?

खुरपं
गोणपाट. संध्याकाळी ओलं करून वाफ्यात टाका, सकाळी उलटा. खाली सभा भरलेली असते. चाळीसपर्यंत मोजल्या, मग नाद सोडला.

उशिरा_उठणारी
मोजून पुढे काय करता पण??

खुरपं
कंपोस्टच्या ढिगात. कुजकं खात बसतात बिचाऱ्या.

पानगळ
मी लांब सोडून आले होते. आठवड्याने परत तेवढ्याच. चेहरे ओळखीचे वाटले 😂

कुंडीतली_शेती
मीठ अजिबात नको. मी टाकलं. गोगलगाय मेली, शेजारचं रोपही करपलं. आणि ते विरघळणं बघवत नाही हो.

उशिरा_उठणारी
ओलीमाती, कुत्री मग किती वर्षं होती?

ओलीमाती
सहा. शेवटपर्यंत त्याच वाफ्यात लोळायची, झेंडू तिनेच जास्त मोडले.

शंकासुर
गोगलगायी अडवायला अंड्याची टरफलं, तांब्याची पट्टी वगैरे सगळं करून झालं. नंतर कळलं, रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी या ब्रिटिश बागकाम संस्थेने २०१८ मध्ये याच उपायांची चाचणी घेतली होती, काही फरक पडला नाही म्हणे. माझ्याकडे टरफलावर आरामात बसलेलीचा फोटो आहे. गोगलगाय नि पोटात पाय, खरंच!

बसमधून
घाईत लिहितोय. काजव्यांच्या अळ्या गोगलगायी खातात, आधी चावून बधिर करतात. बागेतले दिवे रात्री बंद ठेवा, दिव्यांमुळे काजव्यांना जोडीदार सापडत नाही. आणि पाणी सका

बसमधून
सकाळी घाला. संध्याकाळी घातलं की रात्रभर ओल, म्हणजे त्यांना आमंत्रणच. माझा निम्मा त्रास एवढ्यानेच गेला. स्टॉप आला

पानगळ
गोगलगायी पडून बुडाव्यात म्हणून बियरची वाटी कुणी ठेवली आहे का?

खुरपं
हो. वाटीचा काठ मातीच्या बोटभर वर ठेवा, नाहीतर भुंगेरे पडून बुडतात. ते गोगलगायींची अंडी खातात, आपल्याच पक्षातले. उरलेली बियर कुठे जाते ते विचारू नका.

उशिरा_उठणारी
हाताची बुळबुळ साबणानेही जात नाही. उपाय??

कुंडीतली_शेती
पाणी लावूच नका, आणखी पसरते. आधी कोरड्या फडक्याने चोळून काढा, मग साबण. खरं तर हातमोजेच घाला, त्यांच्यात परजीवी जंत असू शकतात.

शंकासुर
आणि ओलीमाती, पावसाळ्यात रात्री अनवाणी का फिरता?

ओलीमाती
चप्पल कुत्र्याने पळवली. नवीन पिल्लू आहे 🙂