द फ्रॅजाइल: एकाच अल्बमला आधी २.० आणि नंतर ८.७, कोणाचं खरं मानायचं?

फुटाळा_रात्री:
नमस्कार मंडळी. नाईन इंच नेल्स या अमेरिकन इंडस्ट्रियल रॉक बँडचा द फ्रॅजाइल तीन आठवड्यांपासून रोज ऐकून राहिलो. नागपुरात मे महिन्यात घरात कूलर बंद करता येत नाही आणि कूलर चालू असला की या अल्बममधले बारीक आवाज सगळे बुडतात, म्हणून रात्री अकरानंतर हेडफोन घेऊन गच्चीवर जातो. पहिलंच गाणं घ्या, गिटारची एकच छोटी सुरावट फिरत राहते, तिच्यावर थरावर थर चढत जातात आणि शेवटी गायक जे ओरडतो ना, अंगावर काटा येतो, दरवेळी येतो. मग म्हटलं लोकांनी काय लिहिलंय ते बघू, तर पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या वेबसाइटनं १९९९ मध्ये १० पैकी २.० दिलेले! आणि २०१७ मध्ये अल्बम नव्यानं निघाला तेव्हा त्याच पिचफोर्कनं ८.७ दिले. बरं १९९९ मध्येच स्पिन मासिकानं वर्षाचा सर्वोत्तम अल्बम म्हणून हाच निवडला होता. गाणी तीच, मग एवढा फरक कसा काय? तेव्हा लोकांना नेमकं काय खटकलं असेल? आणि २३ गाणी सलग ऐकायची की दोन डिस्क वेगळ्या?

धंतोलीकर:
आधी तो काळ बघ. याच्या आधीचा मोठा अल्बम १९९४ चा, तो लाखोंनी खपला होता, त्यानंतर ट्रेंट रेझ्नरनं, म्हणजे हा बँड चालवणाऱ्या गायकानं, पाच वर्षं लावली. न्यू ऑर्लिन्समधल्या त्याच्या स्टुडिओत हा बनला, ती इमारत आधी अंत्यविधीचं काम करणाऱ्यांची होती. पाच वर्षं वाट बघितलेल्या लोकांना अजून कडक, अजून रागीट काहीतरी पाहिजे होतं, रेडिओवर तेव्हा न्यू मेटल, म्हणजे रॅप मिसळलेलं जड रॉक, जोरात, आणि हातात आला १०३ मिनिटांचा दुहेरी अल्बम, ज्यात सहाएक तुकड्यांत गाणंच नाही, नुसतं वाद्य. पियानो, सेलो, चक्क युकुलेले. पहिल्या आठवड्यात २,२८,००० प्रती जाऊन बिलबोर्डच्या अमेरिकन यादीत थेट १ नंबर, पुढच्याच आठवड्यात १६ वर. ही घसरण बघून सगळ्यांनी त्याला फ्लॉप ठरवून टाकलं. जानेवारी २००० मध्ये अमेरिकेत डबल प्लॅटिनम, म्हणजे २० लाखांचा, झाला खरा, पण त्यातही एक मेख आहे, १०० मिनिटांच्या वरचा दुहेरी अल्बम असला की दोन्ही डिस्क वेगवेगळ्या मोजतात, म्हणजे प्रत्यक्षात १० लाख संच. तरी १० लाख म्हणजे काही कमी आहे का.

आणि गाण्यांचा क्रम त्याला स्वतःला लावताच येत नव्हता, म्हणून बॉब एझ्रिनला बोलावलं, पिंक फ्लॉइडच्या द वॉलचा निर्माता. क्रम त्याचा आहे. म्हणून माझं मत, शफल तर चुकूनही लावू नको.

हिंगणा_बी_शिफ्ट:
भाऊ मी एमआयडीसीत पॉवर प्रेसवर असतो, मले या अल्बमबद्दल बोलायचंच हाय. लोक म्हणतात इंडस्ट्रियल संगीत म्हणजे नुसता खणखणाट. ते नाव लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल बँडनं १९७६ मध्ये काढलेल्या इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स या कंपनीवरून आलं, पण खऱ्या शॉपमध्ये उभं राहून पाहा राजा, तिथं नुसता मोठा आवाज नसते. प्रेसचा ठोका एका तालात पडून राहते, मागं कॉम्प्रेसर मधीच चालू होते मधीच बंद होते, आन सगळं बंद झाल्यावर कानात जे उरते ना तोही एक आवाजच असते. द फ्रॅजाइलमधी मले ते सगळं ऐकू येते. मोठा आवाज थांबल्यावरची जी शांतता हाय, ती त्यानं बाकी गाण्यासारखीच मेहनत घेऊन रचली. पहिली डिस्क ज्या गाण्यावर संपते ते रात्री बाराला सुटी झाल्यावर गाडीवर घरी येताना कितीदा ऐकलं मी, वाडीपर्यंत रस्ता रिकामा असते. पहिल्या ऐकण्यात हे हाती लागत नाही, मले स्वतःले चार महिने लागले. रिव्ह्यू लिहिणाऱ्याले किती दिवस भेटले असतील?

सदर_कॅसेट:
मी थोडं विरुद्ध बोलतो, रागावू नका. २००० साली कॉलेजात असताना एका मित्राकडून कॉपी केलेल्या कॅसेटवर ऐकला होता आणि तेव्हापासून मला आवडतोच, पण तेव्हाच्या टीकेत तथ्य अजिबात नव्हतं असं नाही. संगीत जिथं पोचतं तिथं शब्द पोचत नाहीत. तुटलोय, एकटा पडलोय, कोणी नाही, हेच दीडेक तास, आणि वय तिशीच्या पुढे. दुसऱ्या डिस्कच्या मधली दोन-तीन गाणी काढली असती तर बिघडलं नसतं. २.० देणं मात्र अन्याय होता, त्यात शंका नाही. फक्त माइक गार्सनचा पियानो आणि एड्रियन बेल्यूची गिटार जिथं जिथं येते तेवढं ऐकलं तरी कळतं, दोघंही डेव्हिड बोवीबरोबर वाजवलेले लोक, ते काही भरती म्हणून बोलावलेले नव्हते.

धंतोलीकर:
सदर, शब्दांबाबत तुझं पटतं. पण त्या माणसाची तेव्हाची अवस्था खरंच तशी होती, आजी गेलेली, नशा वाढत चाललेली, २००० मध्ये लंडनला ओव्हरडोस, २००१ मध्ये उपचार घेऊन बाहेर आला आणि पुढचा अल्बम थेट २००५ मध्ये. दुसरं असं की ज्या वाद्यांच्या तुकड्यांना लोक तेव्हा भरताड म्हणत होते, त्याच वाटेनं तो पुढे सिनेमाच्या पार्श्वसंगीतात गेला, २०११ मध्ये जोडीदार संगीतकार अॅटिकस रॉससोबत ऑस्कर घेतलं. ते पार्श्वसंगीत कानात बसल्यावर हे तुकडे परत ऐकले की वेगळेच लागतात. गुण बदलण्यामागं मला तर हे एक मोठं कारण वाटतं, १९९९ मध्ये हे ऐकायची सवयच कोणाला नव्हती.

फुटाळा_रात्री:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल फक्त दुसरी डिस्क ऐकली, मध्ये एकही गाणं न सोडता, आणि सदर म्हणतात ते मधलं लांबण मलाही जाणवलं, पण ती मधली गाणी नसती तर शेवटचा तुकडा एवढा थकलेला वाटला नसता असं माझं मत झालंय. तो संपला तेव्हा हेडफोन काढला तर खालून शेजाऱ्यांच्या कूलरचा आवाज येत होता, बी शिफ्टवाले भाऊ, तुमचं म्हणणं तेव्हा कळलं, पाच मिनिटं तसाच उभा राहून ऐकत होतो. आज परत पहिल्या डिस्कपासून.