घानाचा बावटा: मगरीवाला खरा का ताऱ्याचा?

हर्णैची_लेक:
आमचा दादा बोटीवर असतो, त्यांची बोट घानाच्या तेमा बंदरात आठवडाभर थांबली तेव्हा त्याने ढीगभर फोटो पाठवले. मच्छीमारांच्या होड्यांवर लाल-पिवळा-हिरवा बावटा, मधे काळा तारा, तो घानाचा हे कळलं. पण केप कोस्टला फिरायला गेला तिथल्या फोटोत जुनं कापडी निशाण आहे, कोपऱ्यात युनियन जॅक आणि मधे कापडाची मगर नि मासे शिवलेले. हा जुना राष्ट्रध्वज का? आणि आजोबांच्या ॲटलासमध्ये पिवळ्याच्या जागी पांढरा पट्टा आहे, ती छपाईची चूक का?

रत्नदुर्ग७:
चूक नाही ताई. १९६४ साली घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांनी एकाच पक्षाचं राज्य आणलं, त्यांच्या पक्षाचे रंग लाल-पांढरा-हिरवा, म्हणून पिवळा काढला. १९६६ ला त्यांची सत्ता उलथली आणि पिवळा परत आला. ॲटलास जपून ठेवा, तेवढ्या दोनच वर्षांचा झेंडा आहे तो. मूळचा झेंडा घाना स्वतंत्र झाला त्या दिवसाचा, ६ मार्च १९५७ चा, थिओडोशिया ओको या बाईंनी काढलेला, लाल म्हणजे स्वातंत्र्यासाठी सांडलेलं रक्त, पिवळा खनिजांचा, हिरवा रानाचा. काळा तारा जमैकाचे कृष्णवर्णीय नेते मार्कस गार्वी यांच्या ब्लॅक स्टार लाइनवरून घेतलाय, म्हणजे १९१९ च्या एका जहाज कंपनीचा, दादाला हे नक्की सांगा!

माडाखाली:
मगरीवाला राष्ट्रध्वज नव्हे. इंग्रजांच्या गोल्ड कोस्टचा, म्हणजे स्वातंत्र्याआधीच्या घानाचा, झेंडा निळा होता, त्यावर गोलात हत्ती आणि माडासारखं झाड. तुमचा फोटो तिथल्या किनाऱ्यावरच्या फांटे लोकांच्या आसाफोचा असणार. गावागावात लढवय्यांचे संघ असायचे ते आसाफो, सा म्हणजे लढाई, फो म्हणजे माणसं. प्रत्येक संघाची रंग-चित्रं ठरलेली, दुसऱ्याचं उचललं तर सरळ मारामारीच. चित्रात बहुतेक म्हण असते, मगरीच्या निशाणाची म्हण अशी की मासे गलेलठ्ठ होतात ते मगरीसाठी, म्हणजे या पाण्यात सत्ता आमची, समोरच्या संघाने ओळखून राहावं. कोपऱ्यात युनियन जॅक म्हणजे १९५७ च्या आधीचं, नंतरच्यांवर तिथे घानाचा झेंडा शिवतात. मला तर राष्ट्रध्वजापेक्षा हीच निशाणं जास्त आवडतात, एकेक हाताने कापून शिवलेलं.

हर्णैची_लेक:
अगदी आपल्या शिमग्यासारखं, पालखीबरोबर निशाण कुणाच्या घराण्याने धरायचं यावरून आमच्याकडे पण मान असतो. ती निशाणं नुसती लावून ठेवतात का मिरवतात?

माडाखाली:
नाचवतात! संघाचा ठरलेला माणूस असतो, झेंडा अंगाभोवती फिरवत ढोलावर नाचतो. दादाला सांगा पुढच्या वेळी फोटो नको, व्हिडिओ काढ.