मदत हवी आहे : कागद चोख असलेला ठेकेदार घ्यावा की काम चोख असलेला?

नमस्कार. आईच्या बैठ्या घरावर एक मजला चढवायचा आहे, आणि त्याच कामात खालचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघरही नव्याने करून घ्यायचं आहे. घर 26 वर्षांचं, आरसीसीचं आहे. काम चालू असताना आई खालीच राहणार आहे, त्यामुळे ठेकेदाराची निवड चुकली तर सगळ्यात जास्त त्रास तिला होईल. तिघांकडून अंदाजपत्रकं घेतली, एक बाद झाला, आता दोघांत अडकलोय.

बाद कसा झाला ते आधी सांगते. तिघांना एकच नकाशा दिला होता, तिघांनी चौरस फुटाचा दर सांगितला, आणि मी दोन दिवस नुसते दरच शेजारी शेजारी मांडून बघत बसले. मग दादाच्या लक्षात आलं की तिघांचे चौरस फूटच वेगळे आहेत! एकाने 940 धरले, दुसऱ्याने 1,020, तिसऱ्याने 1,115. जिना, बाल्कनी, सज्जा कोणी पूर्ण धरला, कोणी अर्धा, कोणी धरलाच नाही. ज्याचा दर सगळ्यात कमी होता त्याचीच एकूण रक्कम मधल्यापेक्षा जास्त निघाली. यात काय काय येतं, असं विचारलं तर "सगळं येतं" एवढंच उत्तर. त्याला तिथेच नमस्कार केला.

उरलेल्यांपैकी पहिल्यांचं अंदाजपत्रक नऊ पानांचं आहे. खोदाईपासून रंगापर्यंत प्रत्येक बाब, तिचं परिमाण, सिमेंट आणि स्टील कुठल्या प्रतीचं, टाइल्सचा आणि नळांचा धरलेला दर, सगळं लिहिलेलं. कराराचा मसुदाही सोबत. फोन केला की उचलतात. तयार घर दाखवतो म्हणाले, मी म्हटलं चालू काम दाखवा. तिथे एका कॉलमच्या पायथ्याशी वीतभर उंचीपर्यंत खडी उघडी पडलेली दिसली. फटीत बोट घातलं तर पेरभर आत गेलं, आणि खडीचा एक दाणा सुटून हातात आला. शेजारच्या कॉलमला त्याच उंचीवर सिमेंटचा ताजा गडद पट्टा फासलेला होता. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, प्लास्टर झालं की दिसत नाही ते."

दुसरे एक मिस्त्री आहेत, साठीच्या आसपासचे. मजुरीवर काम घेतात, माल आपण आणून द्यायचा. त्यांच्या साइटवर मी न सांगता गेले. स्लॅब टाकून पाच दिवस झाले होते. वर सिमेंट-वाळूच्या मालाचे बारीक बांध घालून वाफे केलेले आणि प्रत्येक वाफ्यात पाणी उभं. कॉलमना ओलं गोणपाट गुंडाळलेलं, वर खडूने तारीख. पुढच्या बीमचं स्टील बांधून तयार होतं, त्याखाली व्यवस्थित कव्हर ब्लॉक (सळई साच्याला टेकू नये म्हणून ठेवायचे सिमेंटचे ठोकळे) होते, विटांचे तुकडे नव्हते. माझ्याशी बोलता बोलता त्यांनी एका भिंतीला ओळंबा लावला, क्षणभर बघितलं, आणि वरचे दोन थर उतरवायला लावले. कोणावर आवाज चढवला नाही.

पण ते काहीही लिहून द्यायला तयार नाहीत. "ताई, चाळीस वर्षं शब्दावर कामं केली. कागद आला की भांडण आलं." मुदत विचारली तर "पाच-सहा महिने धरा".

मला कागद का हवा आहे तेही सांगते. चार वर्षांपूर्वी याच न्हाणीघराचं काम एकाला तोंडी दिलं होतं. पहिल्या आठवड्यातच आम्ही निम्मे पैसे देऊन बसलो. त्याने फरशी फोडली आणि पाच आठवडे गायब झाला. परत आल्यावर वॉटरप्रूफिंगची चाचणी न घेता घाईने टाइल्स बसवल्या. थोड्याच दिवसांत पलीकडच्या खोलीची भिंत फुगली. काय ठरलं होतं हे दाखवायला आमच्याकडे चिटोरंही नव्हतं. आईने तिथे कपाट सरकवून ठेवलंय. आम्ही गेलो की ती त्या भिंतीबद्दल काही बोलत नाही, आणि मला ते फार लागतं.

तर पहिल्यांना घेऊन कॉलमवर स्वतः लक्ष ठेवता येईल का? की मिस्त्रींना घ्यावं, आणि त्यांना न दुखावता लिहिण्यावर कसं आणावं? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद :

मी साइट इंजिनिअर आहे, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

खडी उघडी पडणं चांगल्या साइटवरही कधीतरी होतं. काँक्रीट हलवून घट्ट बसवणारा व्हायब्रेटर नीट फिरला नाही, किंवा साच्याच्या फळ्यांच्या फटीतून सिमेंटचं पाणी गळून गेलं की होतं. ते दिसल्यावर माणूस काय करतो ते बघायचं. सैल भाग टाचून काढायचा, किती खोल गेलंय ते इंजिनिअरला दाखवायचं आणि योग्य ग्राउट (फटीत भरून घट्ट होणारं मिश्रण) भरायचा. नुसता पट्टा फासणारा माणूस तुमच्या पाठीमागे बाकी काय झाकेल, सांगता येत नाही. मी मिस्त्रींकडे जाईन.

कागदाचं असं करा. करार हा शब्दच काढू नका. एका वहीत कामाचे टप्पे तुम्हीच लिहा : कॉलम, स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी. प्रत्येकासमोर मजुरीची रक्कम आणि अंदाजे तारीख. पैसे देताना त्याच ओळीवर दोघांची सही. असा हिशेब बहुतेक मिस्त्री आनंदाने ठेवतात, कारण बुडायची भीती त्यांनाही असते. मोजमाप कसं धरायचं तेही पहिल्याच पानावर. आगाऊ रक्कम थोडीच द्या, आणि 5 ते 10 टक्के काम संपल्यानंतर काही महिन्यांनी द्यायचे, हे आधीच बोलून लिहून ठेवा. न्हाणीघरासाठी वेगळी ओळ : वॉटरप्रूफिंग झाल्यावर किमान 24 तास पाणी भरून ठेवायचं, पलीकडच्या भिंतीची खालची बाजू बघायची, मगच टाइल्स.

माल तुमचा म्हणजे त्याची जबाबदारीही तुमची. सिमेंट ताजं घ्या, गोणीवर उत्पादनाचा आठवडा छापलेला असतो. काँक्रीटमध्ये हाताला येईल तसं पाणी ओतू देऊ नका. 50 किलोच्या गोणीला साधारण 25 लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. काँक्रीटची ताकद 28 दिवसांवर मोजतात, आणि निदान पहिले 7 दिवस ते सतत ओलं हवं. फ्लाय अ‍ॅश (कोळशाची राख) असलेलं सिमेंट असेल तर 10 दिवस किंवा जास्त. तुमच्या मिस्त्रींना हे सांगावं लागणार नाही असं दिसतंय.

पण ताई, तुम्ही एक गोष्ट विचारलीच नाहीत, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. जुना पाया आणखी एक मजला पेलेल का? हे मिस्त्री सांगू शकत नाहीत, नऊ पानंही सांगू शकत नाहीत. ठेकेदाराशी संबंध नसलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर तुम्ही स्वतः नेमा. तो कॉलमखालच्या एक-दोन फूटिंगशेजारी (पायाच्या ठोकळ्यांशेजारी) खड्डा घेऊन आकार आणि खोली बघेल, कॉलमची तपासणी करेल. गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी सळया सोडल्या असतील तर गंजून किती बारीक झाल्यात तेही मोजेल. पुढे प्रत्येक वेळी काँक्रीट टाकण्याआधी त्याने येऊन स्टील तपासायचं, हे त्याच्या फीमध्येच ठरवा.

धागाकर्ती :

मनापासून आभार. पायाचं खरंच डोक्यात नव्हतं. आईला लगेच फोन केला. गच्चीवर चार कोपऱ्यांत सळया आहेत, बाबांनी मुद्दाम सोडल्या होत्या, आणि ती त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घालते. त्या पार लाल झाल्यात म्हणाली. मिस्त्रींकडे वही घेऊन रविवारी जायचं ठरवलं होतं. की आधी इंजिनिअरचा अहवाल येऊ द्यावा?

प्रतिसाद :

आधी खड्डा, मग वही. पाया कमी निघाला तर कामच बदलेल आणि वहीतल्या सगळ्या रकमाही. मिस्त्रींना मात्र आजच फोन करून सांगा की तपासणी चालू आहे, म्हणजे ते दुसरं काम धरायच्या आधी विचारतील. आणि जमलं तर खड्डा घेताना त्यांनाही बोलवा.