‘कूट’, ‘गुप्त’ की ‘प्रच्छन्न’? आवाजात दडवलेल्या निरोपाला काय म्हणावं

प्रश्न : गाण्याच्या डिजिटल फायलीत निरोप लपवण्यावरच्या लेखाचं भाषांतर करतेय. क्रिप्टोग्राफीला ‘कूटलेखन’ रुळलं आहे. स्टेगॅनोग्राफीला, म्हणजे निरोप आहे हेच लपवण्याच्या या कलेला, काय लिहू? ‘गुप्तलेखन’ चालेल का?

प्रतिसाद : ‘गुप्त’ फार सैल शब्द आहे, कूटसुद्धा गुप्तच की. कूट निरोप समोर दिसतो, फक्त उलगडत नाही. पोरं च-ची भाषा बोलायला लागली की काहीतरी शिजतंय हे घरात सगळ्यांना कळतं. इथे मुळात निरोप आहे याचीच कानोकान खबर लागता कामा नये. ग्रीक ‘स्टेगानोस’ म्हणजे झाकलेलं, म्हणून ‘प्रच्छन्नलेखन’.

क्रियापद मात्र ‘पेरणे’ घ्या. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत डाव्या-उजव्या प्रत्येक वाहिनीला सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं, असतात आणि प्रत्येक नमुना म्हणजे १६ बिटांचा (० किंवा १ अशा खुणांचा) एक आकडा. शेवटचा बिट बदलला की २१,३४६ चे २१,३४७ होतात. कानाला पत्ताही लागत नाही. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत ‘क’ला २४ बिट लागतात, म्हणजे २४ नमुन्यांत एक ‘क’ पेरून झाला. सेकंदाचा हजारावा भागही खर्च होत नाही.

प्रतिसाद : पेरलेलं उगवायला नको का? त्याच फायलीची एमपी३ करा. कानाला न जाणवणारे बारकावे त्यात गाळले जातात, आणि शेवटच्या बिटांतला मजकूर त्याबरोबरच जातो. साधं ‘दडवणे’ बरं. आणि नेत्रपल्लवी, करपल्लवी आहेत, तर ‘ध्वनिपल्लवी’ का नको?

प्रतिसाद : कानाला गोड आहे, पण पल्लवी म्हणजे खुणांची भाषा, ती पुन्हा कूटाकडेच जाते. बाकी सगळ्याच पद्धती इतक्या नाजूक नसतात. एकीत मूळ आवाजामागे मिलिसेकंदभराने क्षीण प्रतिध्वनी जोडतात. अंतरं दोन ठरवलेली : एक म्हणजे ०, दुसरं म्हणजे १. इतका लगटून आलेला प्रतिध्वनी वेगळा ऐकूच येत नाही, आवाज जरा भरीव वाटतो इतकंच. इथे ‘मिसळणे’ शोभेल. मालकीची खूण (वॉटरमार्क) असेल तर ‘जलचिन्ह’ वापरा. आवाजात जल कुठलं, हा वाद आता उकरून काढू नये.

प्रश्नकर्ती : ‘प्रच्छन्नलेखन’ घेते. एक अडचण उरली. लेखात २०१० चं कोलंबियातलं उदाहरण आहे. बंडखोरांनी जंगलात ओलीस ठेवलेल्या सैनिकांसाठी तिथल्या सैन्याने रेडिओवरच्या गाण्यात मोर्स (आखूड-लांब ठोक्यांची लिपी) घातला : १९ जणांची सुटका झाली, आता तुमची पाळी. पहारेकऱ्यांच्या कानावर पडलं तरी वाद्यांचाच भाग वाटावा, अशा बेताने. हे कूट की प्रच्छन्न?

प्रतिसाद : दोन्ही. मोर्स हे कूट, ते सुरावटीत दडवलं म्हणून निरोप प्रच्छन्न. ‘गाण्यात दडवलेला कूट निरोप’ असं सरळ लिहा. फक्त त्या वाक्यात ‘डिजिटल’ घालू नका, ते प्रक्षेपण साध्या रेडिओवरचं होतं.