करार.पीडीएफ.पी७एम कशी उघडायची?

प्रश्न: एका मेलसोबत ‘करार.पीडीएफ.पी७एम’ आणि ‘एसमाइम.पी७एस’ अशा दोन फाइली आल्यात. दुसरीवर डबल-क्लिक केलं की नुसती सर्टिफिकेटांची यादी दिसते. पहिलीच्या नावातलं शेवटचं ‘.पी७एम’ काढलं तर पानं दिसतात, पण तशाच एका वर्ड फाइलचं नाव बदललं तर ती ‘खराब’ निघते. असं का?

उत्तर १: पी७एसमध्ये मजकूर नसतोच. मेलच्या मजकुराची डिजिटल सही आणि सही करणाऱ्याचं सर्टिफिकेट, एवढंच. तुम्हाला दिसलेली यादी ती हीच. ती फाइल मेल प्रोग्रॅमसाठी असते, तुम्ही उघडायची गरज नाही.

पी७एम म्हणजे पाकीट, बहुतेकदा मूळ फाइल आणि सही एकत्र. नाव बदललं तरी पाकिटाचे बाइट मूळ फाइलीच्या पुढेमागे राहतातच. पीडीएफ वाचणारे प्रोग्रॅम फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत कुठेही पीडीएफची खूण सापडली की चालवून घेतात. वर्डची डॉकएक्स फाइल खरं तर झिप असते, तिला पुढेमागे चिकटलेले बाइट सहसा खपत नाहीत. शिवाय काही पाकिटांत मजकूर तुकडे करून भरलेला असतो आणि दर तुकड्याआधी दोन-चार बाइट घुसतात. मग पीडीएफ उघडते, पण मधलंच एखादं पान कोरं. आणि नाव बदलून सही तपासली जात नाही ती नाहीच.

उत्तर २: ओपनएसएसएल वापरा (कमांड टाइप करून चालवायचा, सह्या आणि सर्टिफिकेटं तपासणारा प्रोग्रॅम). आधी फाइल नोटपॅडमध्ये बघा. पाच रेघा आणि ‘बिगिन’ दिसलं तर पीईएम (अक्षरांत लिहिलेलं रूप), अगम्य चिन्हं दिसली तर डीईआर (बायनरी रूप). थेट ‘एमआयआय’ने सुरुवात असेल तर ते उघडं बेस६४ (बायनरी फाइल साध्या अक्षरांत लिहिलेली), आधी डीकोड करा.

कमांडचा क्रम (रोमन लिपीत टाइप करा, पर्यायांआधी आडवी रेघ): ओपनएसएसएल, सीएमएस, मग व्हेरिफाय, इनफॉर्म डीईआर (फाइल पीईएम असेल तर इनफॉर्म पीईएम), इन आणि पी७एमचं नाव, आउट आणि नव्या फाइलचं नाव. ‘लोकल इश्युअर सर्टिफिकेट’ मिळत नाही अशी तक्रार आली तर सीएफाइल या पर्यायाने रूट सर्टिफिकेट (सर्टिफिकेटं देणाऱ्या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट) द्या. ‘पर्पज’वर (सर्टिफिकेट कशासाठी दिलंय, यावर) अडलं तर पर्पज एनी हा पर्याय जोडा.

नोव्हेरिफाय (सर्टिफिकेट तपासू नको, असं सांगणारा पर्याय) टाकून काम भागवायचा सल्ला सर्रास मिळतो. त्याने मजकूर सहीनंतर बदलला नाही एवढं कळतं. सही खरंच त्याच माणसाची का, ते नाही.

प्रश्नकर्ता: पीडीएफ नीट निघाली. वर्डची मात्र निघाली तरी उघडत नाही.

उत्तर ३: निघालेली फाइलही पी७एमच असेल. दोघांनी एकामागून एक सही केली की कधी कधी पाकिटात पाकीट होतं. तीच कमांड तिच्यावर पुन्हा चालवा.

कधी व्हेरिफायच नाकारलं गेलं तर व्हेरिफायऐवजी सीएमएसआउट आणि प्रिंट देऊन बघा, बाकी पर्याय तेच, फक्त आउट नको. सुरुवातीलाच ‘एन्व्हलप्डडेटा’ दिसलं तर फाइल कुलूपबंद आहे, ती ज्याच्यासाठी पाठवली त्याच्याच खासगी किल्लीने उघडेल. ती किल्ली पी१२ किंवा पीएफएक्स फाइलमध्ये असू शकते. पाठवणाऱ्याकडे त्याची पी१२ मागू नका: तिचा इथे उपयोग नाही, आणि ती देणं म्हणजे सहीचा शिक्काच हातात देणं.