वेताळ, उंदीर आणि विंचवाची नांगी

चित्रकथा हे निव्वळ पलायन आहे, इतिहासासाठी कुणी त्यांच्याकडे वळू नये, हे मत मला अर्धेच पटते. पलायनात गैर काय आहे? संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये अंग चोरून उभ्या असलेल्या माणसाला, मुंबईतूनच १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाच्या, म्हणजे ‘फँटम’ या मुखवटाधारी नायकाच्या, जंगलात अर्धा तास जाता आले, तर ती चैन त्याला लखलाभ असो.

इतिहासाबाबत मात्र सरसकट बोलता येणार नाही. अनंत पै यांनी १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘अमर चित्र कथे’त पुराणपुरुष आणि ऐतिहासिक राजे एकाच रंगात, एकाच थाटात येतात, त्यामुळे दंतकथा कुठे संपली हे बालवाचकाला उमगत नाही, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु आर्ट स्पीगलमन यांच्या ‘माउस’ या चित्रकथेमध्ये ज्यू उंदीर होतात आणि नाझी मांजरे, तरी नाझी छळछावणीतून वाचलेल्या त्यांच्या वडिलांची साक्ष कुठेही सौम्य होत नाही. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी गोंड शैलीत चितारलेले, डॉ. आंबेडकरांच्या जीवनावरचे ‘भीमायन’ तर अवश्य पाहावे, कारण त्यात जातिद्वेषाने बोलणाऱ्याच्या शब्दांच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे, आणि ज्यांनी तो द्वेष सोसला त्यांचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. पाणी नाकारले गेलेल्या बाल भीमरावाची तहान आणि १९२७ चा महाडचा सत्याग्रह यांचा धागा तिथे डोळ्यांनाच दिसतो. पाठ्यपुस्तकातल्या सनावळीला ते क्वचितच साधते.